१९५१ च्या विलीज पिकअपला मागचा डिफरेन्शियल हवा आहे (इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. गाडी विलीज पिकअप, मॉडेल ४७३, साल १९५१, फोर बाय फोर, व्हीलबेस ११८ इंच. इंजिन मूळचंच, चार सिलिंडरचं हरिकेन. मुक्काम इंदूर.

मागच्या डिफरेन्शियलमधून ओढताना घरघर येते. गाडीचा वेग वाढला की तीही वाढते, गिअर कोणताही असो. ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगपाशी पोलादाचे दोन कपचे मिळाले. एका बाजूने चकचकीत, तुटलेल्या बाजूने करड्या दाण्याचे. म्हणजे कुठला तरी दात गेला आहे.

अख्खा एक्सल बदलावा की नुसता क्राउन-पिनियन, म्हणजे आतली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी? आणि माळव्यात किंवा आसपास हे कुठे मिळेल? जाणकारांनी सांगावं. गाडी दुरुस्त करून चालवायची आहे, शोभेला ठेवायची नाही.

शिमवाला

आधी एक सांगा. हौसिंगच्या मागच्या अंगाला दहा बोल्टचं पत्र्याचं झाकण आहे, की झाकणच नाही?

देवासनाका

लोहामंडीत महिंद्रा जीपचे एक्सल वजनावर मिळतात. विलीज काय नि महिंद्रा काय, मूळ एकच. एक उचला आणि यू-बोल्ट मारून लावा. उगाच अमेरिकेपर्यंत कशाला जायचं?

लोखंडी_पाटा

@देवासनाका, मूळ एक असलं तरी माप एक नाही. सीजे-३बी, म्हणजे महिंद्राने बनवलेल्या जीपच्या दोन चाकांतलं अंतर ४८ इंचांच्या जरासं वर भरतं, विलीज पिकअपचं ५७ आहे. म्हणजे जवळजवळ ९ इंचांचा फरक. जीपचा एक्सल पिकअपखाली लावला तर चाकं आत जातील आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका जुळणार नाहीत. ड्रमही वेगळे, जीपचे ९ इंची आणि पिकअपचे ११ इंची. माल भरलेल्या पिकअपला ९ इंची ब्रेक पुरत नाही.

रामबागकर, बाजारात जायच्या आधी पुढच्या गोष्टी मोजून कागदावर घ्या. दुकानदार "साब, यही लगेगा" म्हणतो तेव्हा हा कागदच कामाला येतो.

पहिला रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे ते. एक मागचं चाक जमिनीवर ठेवा आणि दुसरं जॅकवर उचला. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा, तोच रेशो. एक चाक थांबलेलं असल्यामुळे दोन फेरे लागतात. पाच फेरे आणि वर एक-तृतीयांशाहून थोडा जास्त आला तर ५.३८, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. जेमतेम पाच भरला तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. हेच पुढच्या एक्सललाही करा.

मग दोन्ही ब्रेक ड्रमच्या चाक बसणाऱ्या तोंडांमधलं अंतर, पाट्यांच्या मधल्या बोल्टांतलं अंतर, एक्सल ट्यूबची जाडी आणि पाट्याची रुंदी. चाकाचे स्टड ५, त्यांचं वर्तुळ साडेपाच इंच. हे मात्र महिंद्राशी जुळतं.

शेवटी ऑफसेट. तुमच्या गाडीला डाना कंपनीची १८ नंबरची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) असणार आणि तिचा मागचा आउटपुट मधोमध नसून उजवीकडे असतो. म्हणून मागचा गोळाही (डिफरेन्शियलचा फुगीर भाग) उजवीकडे सरकलेला असतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत गोळा मध्यावर आला. तसला एक्सल लावलात तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका जाईल आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) पुन्हापुन्हा खाईल.

गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना दगड लावाच. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर आहे. मागचा शाफ्ट सुटला किंवा एक चाक उचललं गेलं की तो गाडी धरत नाही.

रामबागकर

@शिमवाला, झाकण नाही. हौसिंग उभं दोन भागांत आहे, मधोमध बोल्टांची रांग. @लोखंडी_पाटा, मापं घेऊन लिहितो.

ऋता_पीथमपूर

मग हा टिमकेन कंपनीचा स्प्लिट हौसिंगवाला एक्सल. अमेरिकेतले लोक याला क्लॅमशेल म्हणतात, कारण तो शिंपल्यासारखा उघडतो. सीजे-३बीला डाना ४४ असतो, शेवटच्या वर्षांतल्या विलीज पिकअपना डाना ५३ आला. तुमच्याकडे या दोन्हींपैकी काहीच नाही. म्हणून डाना ४४ चा क्राउन-पिनियन तुमच्या हौसिंगमध्ये बसणार नाही. कोणी "थोडं घासून बसवतो" म्हटलं तर तिथून निघा.

या एक्सलची अडचण अशी की मागून झाकण काढून आत डोकावता येत नाही. दात बघायचे तर एक्सल गाडीखालून काढून हौसिंगचे दोन भाग वेगळे करावे लागतात. पण ते केल्याशिवाय खरेदीला निघू नका. तुमचे कपचे क्राउनचेच आहेत असं अजून ठरलेलं नाही. ते स्पायडर गिअरचेही (वळणावर दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारे छोटे गिअर) असू शकतात.

आवाजावरून अंदाज असा बांधतात. वळणावरच कटकट होत असेल तर स्पायडर. ओढताना घरघर आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर कमी, तर पिनियनची जागा हलली आहे किंवा क्राउनचे दात ओढणाऱ्या बाजूने खाल्ले आहेत. ओढताना-सोडताना सारखीच गुरगुर असेल तर बेअरिंग. तुमच्या वर्णनावरून मला पिनियनचं बेअरिंग आणि त्यापाठोपाठ दात असं वाटतं.

देवासनाका

बरं, ९ इंचांचं मला माहीत नव्हतं. मग चाकांत स्पेसर टाकले तर? एका बाजूला साडेचार इंच.

लोखंडी_पाटा

नको. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये गाडीचा भार शाफ्टवरच येतो. चाक साडेचार इंच बाहेर गेलं की बेअरिंगवरचा वाकवणारा जोर कितीतरी वाढतो आणि शाफ्ट हबपाशी टेपरजवळ तुटतो. तुटला की शाफ्टचा तुकडा चाकासकट बाहेर येतो, कारण चाक धरणारं दुसरं काहीच नसतं.

तांबडा_पेट्रोल

जबलपूरचं कोणी बोललं नाही! व्हेइकल फॅक्टरीत जोंगा (लष्करी जीप) आणि निस्सान वन टन कितीतरी वर्षं बनत होते. लष्करी लिलावात त्यांचे एक्सल निघतात, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातही लॉट येतात. मध्य प्रदेशातल्या मध्य प्रदेशात काम होईल.

शिमवाला

जोंगा निस्सानच्या घराण्यातली. हब, पाट्यांच्या बैठका, रेशो सगळंच निराळं. मागचा एकटा लावून भागत नाही, पुढचाही बदलावा लागतो. कारण पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा.

हा मुद्दा धाग्यात सुटत चालला आहे म्हणून सविस्तर लिहितो. डाना १८ मध्ये सेंटर डिफरेन्शियल नाही. फोर व्हील टाकली की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूपबंद होतात. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर दोन्हीकडची चाकं जवळजवळ १० टक्के वेगळ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात चाक घसरून फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही. तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर साठतो. लिव्हर बाहेर निघेनासा होतो आणि शेवटी जे कच्चं असेल ते तुटतं.

म्हणून मागचा एकटा बदलायचा तर रेशो तोच, नाहीतर दोन्ही बदला. टू व्हील पिकअप असती तर मोकळीक होती.

तांबडा_पेट्रोल

@शिमवाला, पटलं. पण दोन्ही बदलायचेच झाले तर लांबचा (कमी आकड्याचा) रेशो बरा नाही का? ५.३८ वर महामार्गावर इंजिन ओरडतं.

शिमवाला

हिशेब मांडू. ७.००-१६ टायर एका किलोमीटरला साधारण ४१५ फेरे घेतं. थेट टॉप गिअरमध्ये ताशी ६० ला ५.३८ वर इंजिन सुमारे २,२४० फेऱ्यांवर, ८० ला सुमारे ३,००० वर. ४.८८ वर ६० ला २,०३० च्या आसपास, ४.२७ वर १,७८०. पण हे १३४ घनइंचांचं इंजिन आहे, म्हणजे २.२ लिटर. माल भरून मानपूरचा घाट चढायचा तर ४.२७ वर टॉप सोडून पुन्हापुन्हा सेकंडवर यावं लागेल. ताशी ५५-६० ला चालवणाऱ्याला ५.३८ च योग्य. शिवाय स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून चालते, रेशो बदलला की आकडा खोटा दाखवतो.

जीपछंदी_बडोदे

बडोद्याहून नमस्कार. लक्ष्मी विलास पॅलेसला जानेवारी २०२३ मध्ये काँकूर (जुन्या गाड्यांची स्पर्धा) झाला, तिथे जुन्या गाड्यांच्या मूळपणाला किती किंमत असते ते सगळ्यांनी पाहिलं. माझा आग्रह असा की टिमकेन काढून डाना लावू नये. शिवाय कायद्याची बाजू आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. धागाकर्त्यांना कोणती नोंदणी हवी आहे त्यावर बरंच ठरेल.

लोखंडी_पाटा

नियमातल्या शब्दांत एक्सल थेट येत नाही. तरी पाट्यांच्या बैठका बदलायच्या नादात चेसिसवर कापाकापी झाली तर अडचण होईल. वेल्डिंग एक्सल ट्यूबवर करा, चेसिसला हात लावू नका.

आणि ट्यूबवर बैठक जोडायची तर आधी नुसते ठिपके मारा. गाडी पाट्यांवर पूर्ण वजनाने उभी करून पिनियनचा कोन बघा. दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटला समांतर हवा, फार तर एखाद्या अंशाचा फरक. मगच पूर्ण वेल्ड, तोही थोडा थोडा आणि बाजू बदलत. एका दमात मारला तर ट्यूब वाकते आणि सील टिकत नाही.

देवासनाका

मला एक कळत नाही. इंदूरला एवढे लेथवाले, पीथमपूरला एवढे कारखाने. क्राउन-पिनियन नवीनच करून घ्या की!

ऋता_पीथमपूर

साधा स्पर गिअर असता तर हो म्हटलं असतं. हायपॉइडचे दात वक्र असतात आणि पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेखाली असतो. त्याला ग्लीसनसारखी खास मशीन लागते आणि तिची मांडणी त्या एका रेशोसाठी करावी लागते. ईएन ३५३ चं फोर्जिंग, कापणं, कार्ब्युराइझ करणं, प्रेसमध्ये धरून क्वेंच करणं (नाहीतर क्राउन ताटासारखा वाकडा होतो), मग दोन्ही एकमेकांवर फिरवून लॅप करणं. एका जोडीसाठी हा खर्च परवडत नाही.

एक्सल शाफ्ट मात्र इथे उत्तम होतो. ईएन २४ चा बार, स्प्लाइन हॉब केलेले, टेपर ग्राइंड केलेला, चावीची खाच गोल कोपऱ्याची. टेपरला जुन्या हबमध्ये निळं लावून तपासा, तीन-चतुर्थांशाहून कमी टेकत असेल तर घेऊ नका.

जीपछंदी_बडोदे

धागा विलीजचा आहे तरी अवांतर विचारतो. आमच्याकडे सीजे-३बी वरून केलेली पिकअप आहे, मागे डाना ४४ आणि ५.३८. क्राउन-पिनियनचा जुळा सेट हाती आला आहे. बसवायचे आकडे कोणी देईल का?

शिमवाला

अवांतर मुळीच नाही, घ्या.

उघडताना बेअरिंग कॅपवरची अक्षरं बघा. कॅपवर एक आणि हौसिंगवर तेच, एक आडवं आणि एक उभं. डावी-उजवी बदलू नका. प्रत्येक शिमचा (पातळ पत्र्याच्या चकत्यांचा) गठ्ठा कुठून निघाला ते लिहून तारेत ओवून ठेवा.

पिनियनच्या डोक्यावर कोरलेला आकडा असतो, शून्य किंवा अधिक-उणे. तो इंचाच्या हजारांशात. जुन्यावर +२ आणि नव्यावर -१ असेल तर आतल्या बेअरिंगच्या कपामागे ०.००३ इंच शिम वाढवा. उलट असेल तर तेवढी काढा. हा आरंभ, खरी परीक्षा दातांच्या छापाची.

पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण) बाहेरच्या बेअरिंगपाशी शाफ्टवर असणाऱ्या शिमांवर ठरतो. शिम काढली की घट्ट होतो. सीलशिवाय, नव्या बेअरिंगवर फिरवायला २० ते ४० इंच-पाउंड लागले पाहिजेत, जुन्या बेअरिंगवर १० ते २०. पिनियन नट २०० ते २२० फूट-पाउंड. क्राउनचे बोल्ट ४५ ते ६०, समोरासमोर घेत. कॅप ७० ते ९०.

बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळी चाल) ०.००५ ते ०.००९ इंच, डायल लावून क्राउनच्या निदान तीन ठिकाणी. तीन ठिकाणी वेगळा आला तर क्राउन बैठकीवर सपाट बसलेला नाही. काढून कडेचा कचरा, बर साफ करा.

मग दातांना निळं किंवा पिवळं मार्किंग लावून, क्राउनला हाताने रोध देत फिरवा. छाप दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. टोकाकडे पडला तर वाढवा. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला सरकला असेल तर बॅकलॅश बदला. ओढणाऱ्या बाजूचा छाप पहिला बघा, सोडणाऱ्या बाजूचा नंतर.

जीपछंदी_बडोदे

वाखूसा (वाचनखूण साठवली). हबच्या टेपरचं काय?

शिमवाला

टेपर कोरडा आणि स्वच्छ, ग्रीस अजिबात नाही. ग्रीस लावलं की हब गरजेपेक्षा वर चढतो आणि फाटतो. नट किमान १५० फूट-पाउंड. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या भोकापर्यंत आवळा, सैल करून जुळवू नका. काढताना मध्ये स्क्रू असलेला हब पुलरच वापरा. शाफ्टच्या टोकावर घण मारला तर तो धक्का मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर आणि पलीकडच्या बेअरिंगवर जातो. एक्सलची आत-बाहेर चाल ०.००४ ते ०.००८ इंच, ब्रेकच्या पाठीच्या पत्र्यामागच्या शिमांनी. आणि डाव्या चाकाच्या स्टडवर एल दिसला तर तो उलटा आटा आहे, जोर लावून तोडू नका.

रामबागकर

मंडळी, मापं घेतली, एक्सल काढला, हौसिंग उघडलं. पुढे-मागे दोन्ही ५.३८. चाकांतलं अंतर ५७ इंच, गोळा उजवीकडे. स्पायडर गिअर शाबूत. क्राउनचे लागोपाठ दोन दात ओढणाऱ्या बाजूने कोपऱ्यातून उडाले आहेत. पिनियनचं बाहेरचं बेअरिंग खड्डे पडून सैल. पिनियन सीलच्या ओठाला खाच आहे आणि हौसिंगचा ब्रीदर (हवा निघायचं भोक) मातीने गच्च बसलेला.

ऋता_पीथमपूर

मग कारण स्पष्ट आहे. ब्रीदर बंद, गरम हवेला वाट नाही, दाब सीलवर, तिथून तेल गेलं. बाहेरच्या बेअरिंगला तेल कमी पडलं, ते सैल झालं, पिनियन ओढताना जागेवरून हलायला लागला आणि दाताच्या टोकावर भार आला. नुसता नवा सेट टाकला आणि बेअरिंग जुनी ठेवली तर तोही असाच जाईल.

तुम्हाला अख्खा एक्सल नको. हौसिंग, शाफ्ट, हब, ड्रम सगळं चालू आहे. टिमकेनचा ४३-८ चा जुळा सेट हवा आणि चारही बेअरिंग. बेअरिंगचा आकडा रेसच्या तोंडावर कोरलेला असतो. तो वाचून कोन आणि कप इथेच मागवा, त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. सीलचं माप शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास आणि जाडी असं द्या. शाफ्टवर सीलने खाच पाडली असेल तर स्लीव्ह चढवा.

तांबडा_पेट्रोल

सेटसाठी दिल्लीचं काश्मिरी गेट, मुंबईत कुर्ला, आणि जीपसाठी मंडी डबवाली. तिन्हीकडे फोनवर "टिमकेन" म्हटलं तर बेअरिंग समजतात. "विलीज पिकअप, दोन भागांचं हौसिंग, ४३-८" असं सांगा आणि फोटो आधी पाठवा.

लोखंडी_पाटा

नाहीच मिळाला तर अमेरिकेतल्या विलीजच्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडे वापरलेले सेट निघतात. सेटच घ्या, एक्सल मागवू नका, जहाजाचं भाडं आणि सीमाशुल्क वजनाबरोबर चढतं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हे फोटो मागा: क्राउनच्या कडेवरचा आणि पिनियनच्या डोक्यावरचा जुळा नंबर, दोन्ही एकच हवेत. क्राउनचे सगळे दात ओढणाऱ्या आणि सोडणाऱ्या अशा दोन्ही बाजूंनी. पिनियनचे स्प्लाइन आणि बेअरिंग बसायच्या जागा. दाताच्या मुळाशी बारीक खड्डे दिसले तर तो सेट नको. वरवरचा गंज आणि साठवणीचे डाग चालतील. क्राउन आणि पिनियन वेगवेगळ्या लाकडी खोक्यांत बांधायला सांगा, एकत्र आले तर वाटेत एकमेकांचे दात फोडतात.

रामबागकर

असा सेट शोधायला सुरुवात करतो. तोवर गाडी अंगणातून हलवायची तर मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर नेता येईल का? एक्सल परत जोडून.

शिमवाला

फोर व्हीलला टाकून पुढून ओढेल, पण शाफ्ट काढला तरी मागची चाकं क्राउनला फिरवतातच. तुटका दात आत असताना ते करू नका. क्राउन-पिनियन काढून नुसतं हौसिंग जोडाल तर एक्सल शाफ्टला आतून आधार राहणार नाही. मागची चाकं उचलून टोइंगवाल्याकडूनच न्या.

ऋता_पीथमपूर

आणि जुळवताना दोन गोष्टी. हौसिंगच्या आत सोडा-पाण्याने धुऊन, ट्यूबमधून कापड ओढून घ्या, कपच्यांचा चुरा ट्यूबच्या टोकापर्यंत जातो. दोन भागांच्या मधल्या गॅस्केटची जाडी जुन्याइतकीच ठेवा, तिच्यावर बेअरिंगचा ताण अवलंबून असतो. सिलिकॉनचा थर नको. प्रीलोड-बॅकलॅशचे आकडे विलीज ट्रकच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या, वरचे डाना ४४ चे आहेत.

तेल एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. हेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे पितळी सिंक्रो आहेत, जीएल-४ लागतं. पहिल्या दिवशी माल न भरता पंधरा-वीस मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा. ८०० किलोमीटरला तेल बदला आणि ड्रेन प्लगवर काय आलं त्याचा फोटो इथे टाका.